पॅकिंग मी कापलं होतं, इस्माईलभाऊ

त्या दिवशी गॅरेजात आपन चार जन होतो. तुमी होते, व्हॅनीच्या समोर पोतं टाकून बसलेले. तुमची बायको खातूनभाभी होती, चाय घेऊन आलेली, कप तसेच हातात. बंडू मडावी होता, जिवतीच्या पहाडावरचा, त्याचीच व्हॅन होती. अन मी होती, शेवंता, खिडकीजवळच्या माया फळीवर, हातात कैची. पाचवं कोनी नव्हतं. त्या दिवशीचं सांगनारे आता तिघंच उरले. त्यातली भाभी इद्दतीत बसली हाय, नवऱ्याच्या सुतकात, ती कोनाशी बोलून नाई राह्यली. बंडूले खरं काय ते मालूम नाई. राह्यली मी.

इस्माईलभाऊ, तुमाले जाऊन आज बारा दिवस झाले. मी बोलून राह्यली अन माई नात लिहून राह्यली. मी चौथी शिकली, सही येते, पन एवढं सारं लिहायले बसली तं दिवाळी येईन. तिले म्हटलं, जशी बोलते तसंच लिही, सुधरवत बसू नको.

मयतीच्या दिवशी मी बायांत बसली होती. बाहेर अंगनात दोन ड्रायव्हर उभे होते, मले दिसत नव्हते, आवाज येत होता. एक म्हने, "लय चांगला हात होता चाचाचा." दुसरा म्हने, "होता. शेवटी शेवटी चुकायले लागला. जिवतीवाल्याची व्हॅन नाई का बसली त्याच्या हातानं पहाडात."

मी उठून उभी राह्यली. तोंडापर्यंत आलं होतं. तितक्यात जनाजा उचलला, बाया रडायले लागल्या, कोनीतरी माया खांद्याले धरून मले खाली बसवलं. त्यायले वाटलं मले चक्कर आली.

तवापासून बसवत नाई. झाडू मारते तं अर्ध्या घरात थांबते. भात चढवते तं करपते. नात म्हनते, आजी, बी. पी. पाहून येऊ. बी. पी. नाई वं, म्हटलं, भाऊचा हात चुकला नव्हता. चुकला तो माया हात होता, अन ते सारं ते आपल्या नावावर घेऊन गेले.

तुमाले तं मालूमच असन. नसन बी. हेच तं मले कळून नाई राह्यलं.

मी पयल्यांदा तुमच्या गॅरेजात आली ते काम मागायले. राजुऱ्यात तवा मले कोनी ओळखत नव्हतं. मालक छातीच्या बिमारीनं गेले होते, पोरगं सात वर्साचं, पोरगी चार वर्साची. कापूस वेचून झाला होता, विटा उचलून झाल्या होत्या, आता उन्हाळा होता अन हाताले काम नव्हतं. तुमाले म्हटलं, "झाडूपोछा करते." तुमी गाडीखालून बोलले, "नको बाई. माया गॅरेज झाडलं का नट हरवतात. कचऱ्यातच मले सारं सापडते."

मी परत फिरली नाई. तुमी बाहेर निघाले अन पॅकिंग कापायले बसले. मले तवा पॅकिंग म्हंजे काय तेबी मालूम नव्हतं. मंग तुमीच सांगतलं, लोखंडाचे दोन तोंडं एकमेकावर कसले तरी मधात बारीक फट राह्यतेच, तिथून पानी नाई तं तेल नाई तं हवा निघते, म्हनून मधात जाड कागद कापून ठेवाचा. भोकाले भोक मिळालं पाहिजे. तुमी कापून राह्यले होते अन कडा अशा, जशा उंदरानं खाल्ल्या.

मी म्हटलं, "द्या इकडं."

"हे भाजीचं काम नाई, बाई."

"द्या तं."

कापून दिलं. तुमी ते उन्हात धरून पायलं, उलटं करून पायलं. "कुठी शिकल्या?"

"बिडीच्या पानावर. माहेर नागभीडकडचं. आठव्या वर्सापासून बिड्या वळल्या."

"मंग एक वळून द्या."

"पान आना, तंबाखू आना, मंग वळते. हवेतून वळू का?"

तुमी हसले अन भाभीले आवाज दिला का एक कप जास्तीचा आन. त्या कपावर मी एकोनतीस वर्स राह्यली. पोरगं शिकलं, पोरीचं लगन झालं. तुमच्या मस्जिदीच्या वाटेवर माया विहार लागते, तुमी जुम्म्याले जातानी म्हनाचे, "बाई, तुमच्या बाबासायबाले माया सलाम सांगा." मी म्हनाची, "तुमीच सांगा, तोंड हाय ना." ते कायले सांगू आता. सांगाचं हाय ते येगळंच हाय.

आपलं भांडन एकच होतं, फर्म्याचं. बिडीच्या कामात टिनाचा एक फर्मा राह्यते. तेंदूच्या पानावर तो ठेवाचा अन कडेकडेनं कैची फिरवाची. एका फर्म्यावर हजार पानं, सारी सारखी. मी तुमच्या इथीबी तेच केलं. जी गाडी येईन तिच्या पॅकिंगचा फर्मा मी तेलाच्या पिप्याच्या टिनाचा कापून ठेवाची अन भिंतीच्या खिळ्याले टांगाची. भिंत भरून गेली होती. लोक म्हनाचे, चाचा, हे काय तोरन लावलं?

तुमाले ते पटलं नाई. तुमी म्हनाचे, "कंपनीच्या मालाले फर्मा चालते. लोकल मालाचा भरोसा नाई. एकाच दुकानातले दोन तुकडे सख्खे भाऊ नसतात. जे तोंड बसवाचं त्याच तोंडावर कागद ठेवा, हातोडीनं हळूहळू ठोका, छाप उमटते, तो कापा."

"तुमाले काम लांबवाची आदतच हाय."

"अन तुमाले उरकवाची."

"पोरं घरी उपाशी बसली तं उरकवाच लागते."

"पोराले आता मिशा आल्या, बाई. आता कोनासाठी उरकवता?"

मी कैची चालवतच राह्यली. हाताले तशी आदत पडून गेली होती. बिडीत जो थांबला तो मांगं पडला, एवढंच मले मालूम होतं.

मंग तीन वर्सामांगं ती व्हॅन आली. जुनी, पेट्रोलची, पांढरी. बंडू पहाडावरच्या बायायले घेऊन बाजाराले उतरे अन संध्याकाळी वर चढवे. गाडी तापून राह्यली होती. तुमी खोललं तं कार्बोरेटरपासून इंजिनात हवा-पेट्रोल नेनारा तो तीन बोटाचा ॲल्युमिनियमचा पंजा, तुमी ज्याले मॅनिफोल म्हना, तो आतून किडलेला. त्याच्या पोटातून गरम पान्याची एक वाट जाते, ती सारी खाऊन टाकलेली, वाळवीनं खाल्ल्यासारखी.

तुमी म्हटलं, "काऊन रे बंडू, रेडिएटरात काय टाकते?"

"पानी."

"कुठचं?"

"नाल्याचं. चांगलं राह्यते चाचा, मीबी तेच पेतो."

"म्हनूनच तुये दात असे."

बंडू बी हसला, मीबी हसली. तवा सारं चांगलं होतं.

कंपनीचा पंजा कुठीच भेटला नाई, गाडी लय जुनी. बंडू नागपूरले जाऊन लोकल घेऊन आला, पेपरात गुंडाळलेला, नवा कोरा, चमकून राह्यला होता. तुमी एक डोया मिटून त्याच्या तोंडाकडं पायलं अन म्हटलं, "वाकडा हाय. खाटेसारखा डुलते." मंग तुमी फुटक्या कपाटाची काच जमिनीवर ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला, अन पंजाचं तोंड त्यावर घासत बसले. फिरवाचं, उचलाचं, पाहाचं, पुन्हा फिरवाचं. दोन घंटे. बंडू दर पाच मिनिटानं म्हने, "चाचा, उद्या बाजार हाय. बाया टमाटे तोडून बसल्या." तुमी म्हना, "टमाट्यायले सांग, इस्माईल घासून राह्यला."

तेवढ्यात, मान वर न करता, तुमी मले विचारलं, "बाई, छाप घेतला?"

मी म्हटलं, "घेतला."

घेतला नव्हता भाऊ. पंजा तं तुमच्या हातात होता, मी छाप कुठून घेऊ? तुमाले तेवढं सुचलं नाई, का माया शब्दावर इतका भरोसा होता, ते तुमालेच मालूम. मी भिंतीवरून फर्मा काढला, कंपनीच्या पंजाचा, कागदावर ठेवला अन कैची फिरवली. चाय थंडी व्हायच्या आत काम झालं. मनात म्हटलं बी, हा बुढा उगाच घासत बसला, मी पाहा कशी उरकवली.

पॅकिंग इंजिनावर चढवलं. तिथी एकदम बरोबर बसलं, इंजिन कंपनीचंच होतं ना. मंग तुमी मले पंजा धरायले देला अन नट शोधायले खाली वाकले. तवा मी त्याचं तोंड नीट पायलं. पान्याचं भोक मोठं होतं, अन हवेच्या भोकाकडं सरकलेलं. दोन्हीच्या मधात कागदाले टेकायले बोटभर जागा पाहिजे. इथी तांदुयाच्या दान्याएवढी होती. बाकी कागद तिथी अधर राह्यनार, गरम पान्यात.

मी पायलं. माया डोयानं पायलं.

सांगायले तोंड उघडलं. दुसरं पॅकिंग कापायले काय लागते? कागद होता, हातोडी होती, अर्धा घंटा. पन सांगतलं असतं तं मघाचं "घेतला" खोटं निघालं असतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी चूप राह्यली. नवरा गेला तवा मी हरली नाई, उपाशी राह्यली तवा कोनासमोर हात नाई पसरला, अन तिथी एका शब्दाले घाबरली.

तुमी नट कसले, मधातून बाहेर, थोडं थोडं, जसं तुमी नेहमी कसत. गाडी चालू केली. तुमाले बारीक आवाज ऐकू येत नव्हता, म्हनून रबराची नळी माया कानाले लावली अन दुसरं टोक सांध्यावरून फिरवलं. हवा ओढली का सुई सुई आवाज येते. आला नाई. मी म्हटलं, "नाई ओढत." ते खरं होतं. त्या दिवशी तं काहीच गळलं नाई. बंडू खुशीत गेला.

पाचव्या दिवशी ट्रॅक्टरच्या मांगं बांधून व्हॅन आली. तोच तो दिवस, आपन चार जन होतो तो.

बंडू उतरतानाच ओरडत आला. घाट चढतानी मांगून पांढरा धूर निघाला, गाडी आचके देऊन बंद पडली, उताराकडं सरकायले लागली. एका बाईनं खाली उडी घेऊन चाकाले दगड लावला म्हनून वाचले. आठ बाया टोपले डोक्यावर घेऊन पायी वर गेल्या. त्यात बंडूची माय होती, गुडघ्याची बिमार.

तुमी व्हॅनीच्या समोर गेले. पोतं टाकलं, बसले, खोललं. पंजा काढला अन पॅकिंग सुरीनं हळूच सोडवलं. त्या जागी पट्टी तुटली होती. गरम पान्यानं कागद भिजून तुटला अन पानी हवेच्या वाटेनं इंजिनात गेलं. तुमी तो तुकडा हातात धरून पायला. पंजाच्या तोंडाकडं पायलं. पुन्हा तुकड्याकडं पायलं. भाभी कप घेऊन उभी होती.

बंडू म्हने, "बोला ना चाचा! माई माय मेली असती! डोये गेले असन तं चष्मा बदला, हात कापत असन तं घरी बसा, लोकायचा जीव काऊन घेता?"

माया हातात कैची होती. मी बंडूकडं पायलं, तुमच्याकडं पायलं. तुमी मायाकडं नाई पायलं.

तुमी म्हटलं, "माया हात चुकला रे, बंडू. कसतानी एका बाजूनं जास्त ओढला."

अन ते पॅकिंग तुमी चुरगाळून डिझलच्या डब्यात टाकलं.

खातूनभाभीनं मायाकडं पायलं. ती तीस वर्स तुमाले नट कसतानी पाहून राह्यली होती. तिनं कप खाली ठेवला अन घरात गेली. दुसऱ्या दिवशी तिनं मले नेहमीसारखी चाय देली, साखर जशी मले लागते तशी. तुमी दोघंबी नवराबायको असेच.

दुसऱ्या दिवशी माया फळीवर पंजा आनून ठेवलेला होता. बाजूले कागद अन हातोडी. तुमी मांगं तोंड करून दुसऱ्या गाडीत डोकं घालून उभे. मी कागद ठेवला अन ठोकला. ठक ठक ठक. छाप उमटला. त्याच्यानंतर जो माल आला तो तुमी आधी माया फळीवर ठेवला, मंग कागद. "छाप घेतला का" हे तुमी मले परत कधीच विचारलं नाई. ना आपलं फर्म्याचं भांडन झालं. मी वाट पाहाची, आज म्हनन, आज टोमना मारन. तुमी टमाट्याच्या भावाचं बोलाचे.

म्हनून मी म्हनते, तुमाले मालूम होतं. मंग दुसऱ्या घडीले वाटते, नसन बी. तुमाले खरंच वाटलं असन का आपलाच हात चुकला. मंग तं आनखीनच वाईट. मरेपर्यंत मानूस आपल्या हातावर शक करत राह्यला, अन ज्या बाईले मालूम होतं ती समोर बसून कागद कापत होती.

बंडूनं इंजिन दुरुस्त झाल्यावर गाडी नेली, पुन्हा आला नाई. जिवतीच्या स्टँडवर त्यानं सांगतलं का इस्माईलचाचाचा हात गेला. पहाडावरच्या गाड्या तुमच्या दारासमोरून जायले लागल्या, थांबायच्या नाई. तुमी म्हनाचे, "बरं झालं, मले दमच लागत होता." पन आवाज आला का मान वर व्हायची तुमची. मले दिसत होतं. मी कैची खाली ठेवाची अन काही नाई तं उगाच पानी प्यायले उठाची.

सांगायले गेली होती मी. गेल्या महिन्यात, तुमी खाटेवर पडले होते तवा. घरातून ठरवून निघाली होती. वाटेवर चार वेळा म्हनून पायलं, भाऊ, ते पॅकिंग माया फर्म्याचं होतं. तुमच्याजवळ जाऊन बसली. म्हटलं, "भाऊ, त्या व्हॅनीचं..."

रस्त्यावरून एक ऑटो गेला. तुमी बोट वर केलं. "ऐका. याचं काय बिघडलं?"

हा आपला जुना खेळ. मी म्हटलं, "सायलेन्सर फुटला."

"चूक. क्लच घासून राह्यला. तुमी बुढ्या झाल्या, बाई."

"अन तुमी जवान काय?"

तुमी हसले, हसतानी खोकला आला, भाभीनं पाठ चोळली, मंग तुमाले झोप लागली. मी तुमच्या अंगावर चादर टाकली. मंग उठून घरी आली. म्हटलं, सोमवारी येईन. सोमवारपर्यंत तुमी नाई थांबले.

मले तुमचा राग येते. खरं सांगते. तुमी मले वाचवलं तं विचारून वाचवाचं होतं. चार शिव्या देल्या असत्या तं मी रडली असती, भांडली असती, अन मोकळी झाली असती. दुसऱ्याची चूक अंगावर घ्याची अन त्याले काही कळू नाई द्याचं, हे काय झालं? आता मी ते कोनाजवळ नेऊन ठेवू?

अन राग येते तेवढ्यातच आठवते. माया पोरगा आय.टी.आय.ले गेला तवा तुमी त्याले आपला पाना देला, घासून चकचकीत केलेला, अन म्हटलं, "मायसारखी घाई करू नको." पोरीच्या लग्नात बिर्यानी येगळी अन वरनभात येगळा, दोन्ही चुलीजवळ तुमीच उभे. एकोनतीस वर्सात मले कोनी "ए बाई" म्हनून हाक मारली तं तुमी गाडीखालून ओरडाचे, "शेवंताबाई म्हना!" एका गरीब बाईच्या हाताले तुमी नाव देलं. अन मी तुमच्या हाताचं नाव घालवलं.

बंडूचा नंबर लावून पायला, लागत नाई. जिवतीले जायले एकदा बसस्टँडवर गेली होती परवा. बसची पायरी चढली अन गुडघ्यानं जवाब देला, कंडक्टरनं उतरवून देलं. पोरगा म्हनते, आता जाऊ दे आई, मानूस गेला. मानूस गेला, पन त्याच्याबद्दल लोक बोलून राह्यले ना.

म्हनून ज्याच्या हातात हा कागद पडन त्याले माई एक इनंती हाय. तुमी जिवतीकडं गेले तं तिथल्या स्टँडवर बंडू मडावीले विचारा, बाजाराच्या बाया नेनारा. त्याले सांगा का पॅकिंग शेवंतानं कापलं होतं, छाप न घेता कापलं होतं, अन तिले तवाच दिसलं होतं. इस्माईलचाचाचा हात चुकला नव्हता. त्याले एकट्याले बाजूले घेऊन नका सांगू. बाकीचे ड्रायव्हर उभे असन तवा सांगा, जोरात सांगा.